अब्बांना विचारून सांगते

रुक्साना तांबोळी कॉम्प्युटरच्या पडद्याशी मोठ्यानं बोलते. ‘पुढे जा’ असं बटण असलं की ती आधी तोंडानं म्हणून बघते आणि मान हलवते, "नाही. हाकलल्यासारखं वाटतंय." आमचं ऑफिस बारामती एमआयडीसीत. दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आम्ही मोबाइलचं ॲप बनवतो. इंग्रजी मजकूर मराठीत आणायचं काम रुक्सानाचं. ‘शुष्क कालावधी’ असलं कोशातलं मराठी समोर आलं की ती विंचू दिसल्यासारखी खुर्ची मागं सरकवते. "थांबा, अब्बांना विचारून सांगते."

अब्बा म्हणजे दस्तगीरचाचा, मुक्काम निरवांगी. सारा जन्म कऱ्हाटीपासून निरवांगीपर्यंतच्या आठवडी बाजारांत भांडी विकण्यात गेला. दुपारी डबे उघडले की रुक्सानाचा फोन लागायचा, तोही स्पीकरवर.

"अब्बा, गाय दूध द्यायची थांबली तर काय म्हणायचं?"

"आटली. ह्यात इचारायचं काय?"

"आणि म्हशीला मादी झाली तर?"

"रेडी. तिकडं मराठवाड्यात वगार म्हन्त्यात. दोनी ठिव. त्यांची म्हस, त्यांचा सबुद."

चूक झाल्यावर येणाऱ्या सूचनेवरून तर बाप-लेकीचं भांडणच जुंपलं. चाचांचं म्हणणं, "‘तुमचं चुकलं’ न्हाय म्हनायचं. मानूस घाबरतं. ‘आमाला कळलं न्हाय’ म्हन." शेवटी तीच ओळ ॲपमध्ये गेली. आमचे खरे साहेब निरवांगीत बसतात, असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो.

एकदा तिनंच सांगितलं. आई गेल्यापासून अब्बा बोलेनासे झाले होते. "‘कसे आहात’ विचारलं की ‘बरा हाय’ म्हणून फोन ठेवतात. कामाचं विचारलं की बोलतात." ती स्वतः सासर सोडून आलेली, बारामतीत खोली घेऊन एकटी राहणारी.

यंदा मराठी करायचं काम यंत्राकडं गेलं. रुक्सानाला तक्रारींच्या फोनवर बसवलं. पण दुपारचा फोन काही सुटला नाही. अब्बांना विचारायला नसलेली ॲप निघू लागली. शेळ्यांचं झालं, कोंबड्यांचं झालं, एकदा तर उंटांचं. "निरवांगीत उंट कुनी आनला गं?" चाचा ओरडले आणि मला ठसका लागला.

मागच्या महिन्यात मी इंदापूरला लग्नाला निघालो, तर तिनं अब्बांची औषधं माझ्याकडं दिली. "माझं ते काम बंद झालं, हे बोलू नका. पुन्हा गप्प बसतील."

लग्न उरकून निरवांगीकडं वाट वाकडी केली. चाचांनी चहा पाजला. निघताना माझा हात धरला.

"तिचं काम बंद झालंय, ठावं हाय मला. गावातल्या पोरांनी तक्रारीचा फोन लावला, तर तीच बोलली म्हनं. तिला कळू दिऊ नका. तिला दुसरं हाय कोन? दुपारच्याला तेवढंच बोलती." मग आवाज खाली आला. "उद्या काय इचारनार, ते आदी कळवाल का? मला आता आठवंना झालंय. सांगता न्हाय आलं, तर फोन ठिवंल ती."

एवढा पिकला माणूस मला पेपर फोडा म्हणत होता. हसू यायला हवं होतं, पण मी खिशातून फोन काढून त्यांचा नंबर घेतला.

तेव्हापासून मी सकाळी रुक्सानाकडून दुपारचा प्रश्न काढून घेतो आणि निरवांगीला कळवतो. काल प्रश्न होता, अंड्यांवर बसून राहणाऱ्या कोंबडीला काय म्हणायचं. ‘खुडूक’ हा शब्द मी सकाळी चाचांकडून दोनदा म्हणून घेतला होता. दुपारी तिनं विचारलं. पलीकडून काहीच आलं नाही. आमचे घास हातातच राहिले.

"अब्बा?"

"हाय मी," चाचा म्हणाले. "तू बोल."

रुक्सानानं स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि खिडकीशी जाऊन सकाळपासून काय काय केलं ते सांगू लागली.