गाडी गार होईपर्यंत

सेकंडहँड गाडी घेतली त्या दिवसापासून तिच्या डॅशबोर्डावर एक पिवळा दिवा पेटलेला होता. मी त्याला गाडीचा दागिना समजत होतो. माझी बायको मोनिका तसं समजत नव्हती. सोनईला तिच्या भाचीचं लग्न निघालं तेव्हा तिने बजावलं, "दिवा गेला तर तुमच्याबरोबर येईन, नाहीतर आहेराचं कपाट नेणाऱ्या नियाजभाईंच्या टेम्पोतून. आप्पांसमोर मला हसं करून घ्यायचं नाही." आप्पा म्हणजे माझे सासरे. ही गाडी घेऊ नका, असं मला बजावणारे एकमेव गृहस्थ. म्हणजे प्रश्न दिव्याचा नव्हताच, माझ्या अब्रूचा होता.

लग्न सोमवारी. रविवारी सकाळी ऑनलाइन मागवलेला स्कॅनर लावला. त्याचं म्हणणं, धूर स्वच्छ करणाऱ्या हवेच्या पंपाला वीज पोचत नाही. (मी पारनेरात सरकारी कारकून. पंपाला वीज पोचत नसल्याचे अर्ज मी रोज वाचतो. आणि पुढे सरकवतो.) मेकॅनिक कशाला हवा?

अडचण एकच. हा पंप इंजिन गार असताना सुरू केलं तरच चालतो, तोही जेमतेम मिनिटभर. ते मिनिट मी, वायरीत वीज येते का ते दाखवणाऱ्या टेस्ट लॅम्पचा चिमटा शोधण्यात घालवलं. मग इंजिन गार होईपर्यंत चार तास बसायचं ठरलं.

तासाभरात शेजारचे अजिनाथतात्या आले. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस.

"काय झालंय?"

"पंप बंद आहे तात्या, पण इंजिन गार..."

"आवाजावरनं सांगतो की!" त्यांनी सेल मारला, रेस दिली. "पंप झकास हाय. तुमची बॅटरीच लई बाद दिसतीय."

मी पुन्हा चार तास मोजायला घेतले. मग नियाजभाई आले, त्यांचा मेहुणा आला, त्याचा मित्र आला. आलेल्याला चहा आणि किल्ली दोन्ही द्यायची, अशी आमच्या आळीची रीत. संध्याकाळपर्यंत सात जणांनी सेल मारून सात निदानं केली. शेवटी समोरच्या साळूबाई म्हणाल्या, "माठाला गुंडाळत्यात तसं वलं पोतं टाका की!" तेही टाकलं.

सोमवारी पहाटे इंजिन गार होतं. मोनिकाने सेल मारला, मी लॅम्प धरला. अंधार! इंजिन तापायच्या आत बंद केलं. फ्यूज उडालेला, आणि उंदराने कुरतडलेली वायर बॉडीला टेकलेली. टेप गुंडाळली, नवा फ्यूज बसवला, पुन्हा सेल. पंप घुमू लागला. स्कॅनरने दिवा विझवला आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. मोनिका शालू सावरत पुढच्या सीटवर बसली.

कोपऱ्यावर गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. टाकी कोरडी. (काल दिवसभर मी दिव्याकडे बघत होतो, काट्याकडे नाही.) मागून हॉर्न वाजला.

"बसा वहिनी," नियाजभाई म्हणाले.

वहिनी पुढे बसल्या. मी मागे, आहेराच्या कपाटाला धरून.

मांडवाच्या दारात आप्पांनी मला टेम्पोतून उतरताना पाहिलं. "काय पाव्हनं, गाडी कुठाय?"

"आप्पा, गाडी एकदम ओके आहे," मी छाती काढून म्हणालो. "आज सकाळीच मी स्वतः दुरुस्त केली."

"तरीच," आप्पा म्हणाले.