तीन वाजताची सुट्टी

आपल्या कॉम्प्युटरला भोक आहे आणि ते मी शोधून काढलंय, असं मी बाबांना छातीठोकपणे सांगितलं, तो १९९३ मधला एक बुधवार होता. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात बाबा कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, मी त्यांच्याच हाताखाली टायपिंग करणारी. छपाईचा हुकूम देताना मदत मागायची, तिथून दोन कळा दाबायच्या, की माझ्यासारखी कारकून मशीनची मालकीण. बाबांचे सगळे अधिकार माझ्याकडे!

"भोक नव्हे ते," बाबा म्हणाले. "मशीन विकणाऱ्यांनीही लिहून दिलंय, रचनाच तशी आहे. आत बसलेली सगळी आपलीच माणसं, नंदा. घरातल्यांपासून कुणी साखरेचा डबा लपवतं का?"

"आई लपवते."

बाबा चहाला गेले आणि मी त्यांच्याच नावाने त्यांच्या पडद्यावर सूचना पाठवली: आज तीन वाजता सुट्टी. फक्त त्यांच्या पडद्यावर. निदान बेत तसा होता. गेली ती ऑफिसातल्या अकराही पडद्यांवर.

बाबांच्या नावाची सूचना म्हणजे साहेबांचाच हुकूम. टेलिफोनवरच्या शीलाताईंनी ती लगेच कारखान्यात कळवली. तीनला भोंगा झाला. शाळा सुटल्यासारखी दोनशे माणसं गेटबाहेर! भोंगा ऐकून शेजारच्या कारखान्यातलेही डबे उचलून निघाले.

आमचे मोठे साहेब, गुप्ते, केबिनमधून बाहेर आले. "उत्तमराव, सुट्टी कुणी दिली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर माझी नोकरी गेलीच. तेवढ्यात बाबाच बोलले.

"मी दिली, साहेब. मशीनची साफसफाई आहे."

"त्यासाठी माणसं बाहेर?"

"धूळ फार उडते."

मग बाबा मला म्हणाले, "तू गेटवर थांब. पाच मिनिटांत आलोच."

चारला कळव्याला घरी पोचलो तर आई दारातच. "एवढ्यात सोडलं? कोण गेलं?"

"कुणी नाही. उगीच," बाबा म्हणाले. मग कांदाभजी खात त्यांनी मला पत्त्यांत चार वेळा हरवलं. चारही वेळा लबाडी करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता बाबा गेले. ऑफिसला खरीच सुट्टी मिळाली.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेले. सवयीने त्या दोन कळा दाबल्या. मालकीण काही झाले नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एक ओळ उमटली: नंदा, साखर संपली.

मला गेटवर उभं करून त्या पाच मिनिटांत त्यांनी भोक बुजवलं होतं. मला हसू आवरेना.

गुप्ते साहेब जवळ आले. "तुझे बाबा देवमाणूस. फक्त शेवटच्या दिवशी धुळीसाठी दोनशे माणसं घरी पाठवली, ते काही मला पटलं नाही."

"साहेब, ती सुट्टी मी दिलेली," मी म्हणाले. "आणि धूळबीळ काही उडत नाही."