अळंबी हुंगा पाहू!

अरे, ऐका तर खरं! माझं नाक म्हणजे साधंसुधं नाक नाही हं. शेजारचं दूध उतू जायच्या आधी मला वास येतो! म्हणून अळंबी मंडळाच्या बाई म्हणाल्या ना, "मैदानामागच्या गवतात देवदारी मेणटोपी असावी, पण अजून कुणाची नोंद नाही," तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "बाई, ती माझी पहिली नोंद समजा!"

मेणटोपी म्हणजे एवढीशी पांढरट अळंबी, टोपीवर मेण चोळल्यासारखी चकाकी. तिच्यासारख्या दिसणाऱ्या सख्ख्या बहिणी गवतात ढिगानं! पण हिलाच देवदाराच्या लाकडाचा वास. तेवढीच खूण!

माझे बाबा सुतार. पोरीची पहिली नोंद म्हटल्यावर त्यांनी हातातली कामं बाजूला सारून मला डबा करून दिला. आत कप्पे, कप्प्यांत कापसाची गादी! माझ्यापेक्षा त्यांनाच घाई.

आणि सापडली की! झुपक्यातली एक डब्यात झोपवली, शेजारी तुलनेला दोन बिनवासाच्या बहिणी, आणि पळत बाईंकडे. मागोमाग बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून.

बाईंनी पहिली हुंगली. "वा! देवदार!"

बाबांनी मला कोपरानं ढोसलं.

दुसरी हुंगली. "हीसुद्धा?"

तिसरी. "अगं, हीपण!"

मग कापूस हुंगला. मग माझी बाही! सगळीकडे देवदारच देवदार!

"डबा कुठल्या लाकडाचा?"

"देवदाराचा!" बाबा फुलून म्हणाले. "म्हटलं, तिला जरा घरच्यासारखं वाटावं."

डब्याचाच वास लागला की सगळ्यांना! बाबांचा चेहरा तर हवा गेलेल्या फुग्यासारखा. "म्हणजे मीच घोळ घातला होय गं?"

"छे हो बाबा! डबा एक नंबर आहे! नाकंच कुचकामी आमची!"

"चला," बाई उठल्या. "जागेवर हुंगू."

झालं! आम्ही तिघं गवतात पालथे, उन्हात पडलेल्या सुसरींसारखे! पण मला आता मातीलाही देवदाराचा वास. बाई म्हणाल्या, "माझ्या नाकात अजून डबाच बसलाय." आणि बाबा? "मला विचारूच नका. जन्म गेला त्या भुशात, मला तो वास कळतच नाही!"

गेली माझी नोंद! तेवढ्यात दवाखान्यातली ड्यूटी संपवून आई समोरून.

"अगं बाई! काय हरवलं तुमचं?"

"आई, आडवी हो!"

"मी? या कपड्यांत?"

"कुणी काही सांगायचं नाही हं!" बाईंनी आम्हाला दटावलं.

आईनं कुरकुरत आधी बहीण हुंगली. "गवताचा वास, दुसरं काय!" मग आमची मेणटोपी हुंगली. थांबली. डोळे मिटून पुन्हा हुंगली. आणि चक्क लाजली!

"सांग ना, आई!"

"काही नाही गं... संध्याकाळी तुझे बाबा दारातून आत येतात ना... तसं येतंय."

बाबांना अचानक गवताच्या एका काडीत फारच रस वाटायला लागला! बाई हळूच म्हणाल्या, "पक्कं. देवदारीच!"

मी उड्याच मारल्या. "झाली माझी पहिली नोंद!"

"अंहं," बाई म्हणाल्या. "मंडळाचा नियम आहे. जिनं वास ओळखला, नोंद तिच्या नावावर."

आता मंडळाच्या सभेचं बोलावणं आईला येतं. परवा बाई मला म्हणाल्या, "तूही येत जा हवं तर, आईला सोबत होईल!"