पाळण्यातली पाहुणी

सुताराने जन्मात एकही वस्तू वेळेवर दिली नव्हती. ‘उद्या देतो’ हे त्याच्या तोंडात असं बसलं होतं की सख्ख्या लेकीच्या लग्नातलं कपाट तिला दिवस गेल्यावर पोचलं. म्हणून पाळणा तरी बाळाच्या आधी द्यायचा, असा त्याने पण केला आणि कधी नव्हे तो पाळला. परसात ठेवून पॉलिश वाळलं, बायकोने माप बघायला गादीही घातली. ती म्हणाली, आत आणा. तो म्हणाला, वास जाऊ दे, उद्या आणतो.

परसामागे तळं होतं. तिथली रानबदकं फळ्यांवर घाण करत आणि सुतार त्यांना हुसकावून मेटाकुटीला आला होता. त्यांतल्याच एका मादीने सकाळपर्यंत गादीवर अंडं घातलं. सुताराने वनखात्याला फोन केला. साहेबांना यायला वेळ लागला, तोवर अंडी वाढली. साहेबांनी लांबूनच पाहिलं आणि गंभीरपणे कायदा सांगितला. पक्षी संरक्षित आहे, पिल्लं निघून जाईपर्यंत घरट्याला हात लावायचा नाही.

“साहेब, हे घरटं नाही, पाळणा आहे.”

“अंडी पडली की घरटंच, मिस्त्री.”

मांजरांवर लक्ष ठेवा, असंही ते जाताना बजावून गेले. सुतार काठी घेऊन राखण करत बसला. लेकीला फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “बाबा, गिऱ्हाइकांना तरी याहून बरी कारणं देता.” तिचा आवाज भरून आला होता. सुताराला ते फार लागलं. एकदाच वेळेवर काम केलं आणि तेच कुणाला पटेना.

शेवटी लेक पोट सावरत भांडायलाच आली. बदकीने स्वतःची पिसं उपटून अंड्यांभोवती लावली होती. माणसं बघूनही ती हलली नाही. लेक बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. कायदा गेला खड्ड्यात, आत्ता उचलून तळ्याकाठी ठेवतो, असं सुतार पुटपुटला.

“तिला उठवायचं नाही, बाबा,” लेक हळूच म्हणाली. “मला दुसरा कधी देताय?”

“उद्या,” सुतार सवयीने म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळणा तयार होता. लेकीने त्याच्या कठड्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. सुतारालाही भरून आलं. त्याने विचारलं, वास जायला बाहेर ठेवू का?

बायकोने उठून परसाचं दार तेवढं लावून घेतलं.