मोहनरावांचा एकच डायलॉग

"यंदा बद्रीला पडद्यावरच पाडतो बघ!" छावणीतल्या बाजेवर मांडी ठोकत मोहनरावांनी जाहीर केलं.

बाजेचा सुंभ तटकन तुटला आणि मोहनराव खाली गेले. पीळ तेवढा राहिला.

"आधी तुमी उठा," सत्यभामाबाई गोवऱ्या मोडता मोडता म्हणाल्या. "मग त्याला पाडा."

कडा गावाच्या अलीकडे असलेल्या तांबडवाडीचा दुष्काळ आता दुसऱ्या वर्षात शिरला होता. अख्खं गाव गुरांसकट चारा छावणीत मुक्कामाला आलं होतं. छावणी गावच्या दूध संस्थेची आणि संस्थेचे चेअरमन मोहनराव. संस्थेत दूध जवळजवळ राहिलं नव्हतं. कॅन गाडीत नुसते खडखडत जात आणि तसेच खडखडत परत येत. निवडणूक मात्र तोंडावर आली होती. सहकारात तेवढं पुरतं.

आजवर मोहनराव बिनविरोध निवडून येत. या वेळी सख्खा चुलतभाऊ बद्रीनाथ उभा राहिला होता. तो सभा घेत नव्हता, भाषण करत नव्हता. कुणाची गाय बसली तर शेपटीला धरून उठवू लागायचा आणि निघून जायचा. असला विरोधक फार वाईट. त्याला उत्तर काय द्यायचं?

उत्तर मोहनरावांना सापडलं होतं. ते उत्तर म्हणजे 'विहिरीची आण'.

मोहनराव ऐन पंचविशीत असताना शहरातली मंडळी दुष्काळाचा पिक्चर काढायला तांबडवाडीत आली होती. गावातली निम्मी माणसं त्यात गर्दी म्हणून उभी होती. मोहनरावांना मात्र डायलॉग मिळाला होता! शेवटी हिरो गावात टँकर आणतो, हॉर्न वाजतो आणि एक तरुण गर्दीतून ओरडतो, "पाणी आलं रे, पळा!"

तो तरुण मोहनराव. हा डायलॉग त्यांनी तेव्हापासून लग्नांत म्हटला, बारशांत म्हटला, संस्थेच्या दरेक वार्षिक सभेत म्हटला. एका दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नव्हता, तिथंही म्हटला. कावळा शिवला, हे ते आवर्जून सांगत.

गावाने तो पिक्चर एकदाच पाहिला होता, गणपतीत, भाड्याच्या व्हिडिओवर. त्यातली गाणी बायकांना अजून पाठ होती. पण हिरो टँकर आणायला निघाला आणि लाइट गेली. लाइट दुसऱ्या दिवशी आली, तोवर व्हिडिओवाला आपलं सामान घेऊन निघून गेला होता. त्यामुळे मोहनरावांचा डायलॉग मोहनरावांच्या तोंडून सगळ्यांनी ऐकला होता, पडद्यावर कुणीच पाहिला नव्हता. खुद्द मोहनरावांनीही.

आता मंडप-स्पीकरवाल्या भारतने अंबाजोगाईच्या एका जुन्या कॅसेटवाल्याकडून तो पिक्चर मिळवला होता.

"पिक्चर संपला की माइक घ्यायचा," मोहनरावांनी बायकोला बेत सांगितला. "म्हणायचं, त्या दुष्काळात पाणी कुणी आणलं? ह्याच मोहनरावानं!"

"टँकर तर हिरोनं आणला व्हता."

"पण गावाला सांगितलं कुणी? मी!"

सत्यभामाबाईंनी चुलीत फुंकर मारली. धूर मोहनरावांच्या तोंडावर आला. ते मुद्दाम होतं की काय, हे कळायला मार्ग नव्हता.

"आन् खरा टँकर कवा यायचा?" त्यांनी विचारलं.

टँकर कधी सकाळी यायचा, कधी संध्याकाळी, कधी यायचाच नाही. आला की सडकेच्या वळणावर ड्रायव्हर लांबलचक हॉर्न द्यायचा. पाइप धरायला माणूस धावत आला तर ठीक, नाहीतर गाडी पुढच्या छावणीकडे. तिथलीही गुरं तहानलेलीच. कालपासून छावणीच्या हौदाचा तळ दिसत होता. त्यात एक बेडूक बसून होता आणि तोही कंटाळलेला दिसत होता.

दिवेलागणीला दोन पांढऱ्या चादरी जोडून पडदा ताणला गेला. लोक आले. बायका आल्या त्या हंडे घेऊनच. हल्ली छावणीतली बाई हंड्याशिवाय कुठं जात नसे, जसा शहरातला माणूस मोबाइलशिवाय जात नाही. भारतने एक भोंगा पडद्यापाशी लावला आणि दुसरा सडकेच्या बाजूच्या लिंबावर चढवला.

"तिकडं कावून?" मोहनरावांनी विचारलं.

"बद्रीभाऊ सडकंवरल्या हॉटेलात बसलेत," भारत म्हणाला. "त्यायला बी ऐकू गेलं पायजे की!"

मोहनरावांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी भारतची पाठ थोपटली. या थोपटण्याचा त्यांना पुढे फार पश्चात्ताप झाला.

पिक्चर सुरू झाला. हिरो आला, घोड्यावरून उतरला, हिरॉइनकडे बघून हसला. कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"थांबव रे भारत!" म्हाताऱ्या छबुबाई किंचाळल्या. "ती माझी कपिली!"

हिरोच्या कोपरामागे एक तांबडी गाय रवंथ करत होती. भारतने पिक्चर थांबवला. सगळ्या छावणीने गाय पाहिली.

"किती दूध द्यायची, बाई," छबुबाई म्हणाल्या. "सोड आता. न्हाई, थांब. बरं, सोड."

मग झुंबडच उडाली. कुणाचा बैल निघाला, कुणाचं पाडलेलं घर निघालं. हिरॉइन डोळ्यांत पाणी आणून गात होती आणि प्रेक्षक तिच्या मागची बाभळ कुणाच्या बांधावरची यावर भांडत होते. पुढे पारावर बिड्या ओढत बसलेली म्हातारी माणसं दिसली. त्यातला आता एकही हयात नव्हता. कुणी थांबव म्हणालं नाही, तरी भारतने आपणहून थांबवलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मागे एक वासरू हंबरलं, तेवढंच.

"पुढं घे, पुढं घे," मोहनराव कुजबुजले. मतदार रडायला लागले तर भाषण कुणापुढे करायचं?

पुढचा प्रसंग भीषण दुष्काळाचा होता. हिरो कोरड्या विहिरीच्या काठावर उभा राहून आभाळाला शिव्या देत होता. पण कॅमेरा जरा हलला आणि...

"अबे, थांबव! मागं घे! ती दुसरी हीर बघ!"

हिरोच्या पाठीमागे दुसरी विहीर होती. तीत आठ-दहा फुटांवर पाणी चमकत होतं आणि दोन पोरं त्यात उड्या मारत होती.

"ह्याला दुष्काळ म्हणत्यात व्हय बे?" कुणीतरी विचारलं.

"येवढं पाणी आज असतं तर आमी पिक्चरच काढला असता!"

"चेरमन, त्या दुष्काळात आपली बदली करा की!"

लोक हसले. त्या हसण्यात खुशी कमी आणि दमणूक जास्त होती, पण मोहनरावांना हसणं म्हणजे मत वाटलं. त्यांनी टोपी नीट केली. हिरो टँकर आणायला निघाला. गावाने आजवर कधीच न पाहिलेला भाग आता सुरू झाला होता.

पडद्यावर धूळ उडाली, थोडा वेळ उडतच राहिली आणि लिंबावरच्या भोंग्यातून, म्हणजे थेट सडकेच्या बाजूने, लांबलचक हॉर्न घुमला. पाठोपाठ एक धीरगंभीर, नगाऱ्यासारखा आवाज आला.

"पाणी आलं रे, पळा!"

छावणी उठली!

कुणी विचार केला नाही, कारण टँकरच्या हॉर्नवर विचार करणाऱ्याचा हंडा रिकामा राहतो. बायका हंडे घेऊन सुटल्या, पुरुष पाइपकडे सुटले, गुरं दावी ताणून हंबरू लागली. एक म्हैस खुंटासकट निघाली. चादरीचा एक कोपरा कुणाच्या तरी घागरीला अडकून निम्मा पडदा सडकेकडे गेला. मोहनराव मधोमध उभे राहून ओरडत होते, "अवो, बसा! तो मी हाय! पिक्चरमधला मी!" भोंग्यातला आवाज त्यांचा म्हणून कुणालाच ओळखू आला नाही.

सडकेवर अंधार होता आणि हॉटेलात चहा पीत बसलेला बद्रीनाथ होता. टँकर नव्हता.

लोक परत आले ते चिडून. छबुबाईंच्या पायावर कुणाची तरी कळशी पडली होती.

"चेरमन, ही थट्टा झाली का?" त्या लंगडत म्हणाल्या. "तहानल्या माणसाला हॉर्न ऐकवायचा?"

मोहनरावांनी माइक हिसकावला. डायलॉग वाया गेला होता, भाषण लांबच राहिलं होतं आणि मतं डोळ्यांदेखत लंगडत चालली होती. ते चेअरमनच्या ठेवणीतल्या आवाजात गरजले.

"बंधू-भगिनींनो, हॉर्न पिक्चरमधला हाय! भारत, मागं घे. आता कसला बी हॉर्न वाजू द्या, जागचं कुणी उठायचं न्हाई! माझा हुकूम हाय!"

"पर खरा टँकर आला तर?" सत्यभामाबाईंनी खालून विचारलं.

"आत्ता येतोय व्हय तो? गप बस!"

पडदा पुन्हा बांधला गेला. लोक पुन्हा बसले. हिरो पुन्हा टँकर आणायला निघाला. धूळ पुन्हा उडू लागली आणि हॉर्न वाजला.

मोहनरावांचे कान टवकारले. धूळ उडाली की हॉर्नला अजून थोडा अवकाश होता, हे मघाशी त्यांनी नीट पाहिलं होतं. त्यांनी वळून बघितलं. सडकेच्या वळणावर दोन दिवे होते, पिवळे आणि मिणमिणते. टँकर! खरा टँकर!

"पाणी आलं रे, पळा!" मोहनराव जीव तोडून ओरडले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"वा चेरमन! अजून तसाच आवाज!"

"अरे, खरंच आलं! उठा!"

"हुकूम हाय, उठायचं न्हाई!" एकजण ओरडला आणि मांडी आणखी घट्ट घालून बसला.

"परत एकदा म्हणा!"

"पळा रे, गाढवांनो! टँकर चाललाय!"

"हे नवीन घातलंय," छबुबाई शेजारणीला म्हणाल्या. "पयलं येवढंच म्हणायचे."

मोहनराव एकटेच पळत सुटले. धोतर एका हातात, टोपी दुसऱ्या हातात. ढेकळांतून ते असे उसळत चालले होते, जसं गरम तव्यावर पाणी. एक वहाण तुटली, दुसरी त्यांनी स्वतःच फेकून दिली. निम्म्या वाटेवर पाठीमागून हॉर्न वाजला, तो नगाऱ्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ छावणीत हास्याचा असा स्फोट झाला की लिंबावरचे कावळे उडाले. काय झालं ते बघायला मोहनरावांना वेळ नव्हता. टँकरचे मागचे लाल दिवे दूर जाऊ लागले होते.

आणि मग ते दिवे थांबले.

सडकेवर मोटारसायकल आडवी लावून बद्रीनाथ उभा होता. चहाचा कप अजून हातातच होता.

"साहेब, जरा दमानं," तो ड्रायव्हरला सांगत होता. "माणसं आता येतील. तवर पाइप मी धरतो."

मोहनराव धापा टाकत पोचले.

"दादा, तुमी कावून आले?" बद्रीनाथ म्हणाला. "जा, पिक्चर बघा. लोक लई हसायलेत."

टोमणा असता तर मोहनरावांनी परतवला असता. पण बद्री मनापासून बोलत होता. हेच त्याचं वाईट होतं.

पिक्चर संपून लोक उठले तेव्हा हौद काठोकाठ भरला होता. गुरं ओळीने पाणी पीत होती आणि बद्रीनाथ भिजलेली विजार पिळत होता. मोहनराव अनवाणी उभे होते. त्यांच्या हातात माइक नव्हता, बेडूक होता. पाइप लावण्याआधी तेवढाच त्यांनी हौदातून बाहेर काढला होता.

निवडणुकीचा निकाल सांगायला नकोच.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मोहनराव नवा सुंभ विणलेल्या बाजेवर, मांडी न ठोकता, बसले होते. बराच वेळ त्यांनी एक प्रश्न तोंडात घोळवला.

"अगं, तू तर व्हतीस तिथं. मी दिसलो का?"

"दिसले की."

"तोंड?"

"तोंड न्हाई. पाठ दिसली. आवाज बी तुमचा नव्हता, दुसऱ्याच कुणाचा घातलाय. पर पायजमा वळखू आला. आपल्या लग्नात माझ्या भावाचा आणलता, तोच. तो अजून मागतोय."

"मग लोक हसले कशाला?"

सत्यभामाबाईंनी हातातली परात खाली ठेवली. त्यांनाही आता हसू आवरेना.

"अवो, सगळं गाव टँकरकडं पळत व्हतं. तुमी एकलेच वरडून उलटीकडं पळाले!"

मोहनराव बाजेचा नवा सुंभ चाचपत बसले.

"डायरेक्टरनंच तसं सांगितलं व्हतं," शेवटी मोहनराव म्हणाले.

"असंल. आन् त्या राती छावणीत कोण व्हता डायरेक्टर?"

इतक्यात वळणावर लांबलचक हॉर्न वाजला. सत्यभामाबाईंनी हंडा उचलून नवऱ्याच्या हातात दिला. मोहनराव उठले. पण पळण्याआधी ते क्षणभर थांबले आणि लोक कुठल्या बाजूला पळताहेत, ते त्यांनी नीट पाहून घेतलं.