बैल बसला

गालिचा चार वाजता महाल भागात गोपाळरावांकडे पोचायला हवा होता आणि भैरवीचा पाय घरातून निघत नव्हता. दारापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा गालिच्याकडे बघायची. ऐन उन्हाळ्यात मांडीवर लोकर घेऊन, आकड्यानं एकेक फासा गोणपाटातून वर ओढत तिनं तान्ह्या पोळ्याला मुलं दोरीनं ओढत नेतात तो चाकांवरचा लाकडी बैल उभा केला होता. गोपाळरावांच्या आईंचं आज सहस्रचंद्रदर्शन. त्यांच्या पायांखाली हा गालिचा जाणार होता, आणि भैरवीची ही पहिलीच मोठी ऑर्डर होती.

"आई, पॅकिंगचा कागद घेऊन येते. कोणी हात लावू नका."

"मी काहून लावीन वं?" सासूबाई, म्हणजे पुष्पलताबाई, दुखावल्या.

उभ्या धरमपेठेत आपल्या भरतकामाला तोड नाही, असं पुष्पलताबाईंचं स्वतःचं मत होतं. भैरवीची स्कूटर वळताच त्या चष्मा लावून वाकल्या. बैलाच्या चाकाशी धाग्याचं टोक वर डोकावत होतं. या कामात टोकं वरच ठेवतात, गाठ मारतच नाहीत, हे त्यांना कोण सांगणार?

"अहो, पाहा! पोरीनं गाठच नाही मारली. लोकं काय म्हनतीन?"

त्यांनी टोक हलकेच ओढलं. फासे सुळसुळ निघाले आणि अख्खं चाक हातात आलं.

निवृत्त झाल्यापासून एका जागी न बसलेले सासरे, मनोहरराव, धावत आले. "आता एका चाकावर बैल कसा उभा राहीन? दुसरंबी काढ."

दुसरं निघालं.

"पाय अधांतरी दिसून राहिले," पुष्पलताबाई घाबरून म्हणाल्या.

"मंग पायबी काढ. बसलेला बैल कधी पाहिला नाही का तू?"

बैल बसला, पण खाली उघडं गोणपाट राहिलं. तिथं गवत हवं होतं. मनोहरराव आत गेले आणि बायकोनं विणलेला हिरवा स्वेटर घेऊन लगेच हजर झाले.

"इतक्या लवकर कसा सापडला?"

"समोरच होता," ट्रंकेच्या तळातून आणलेला स्वेटर उसवत ते म्हणाले.

पुष्पलताबाई आकड्यानं गवताचा शेवटचा फासा ओढताहेत तोच भैरवी आली. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

"आई, माझा बैल?"

"बसला," मनोहरराव म्हणाले. "ऊन किती आहे!"

भैरवीला रडू फुटलं. पण रडायलाही वेळ नव्हता. तिनं गालिचा गुंडाळून गाडीत टाकला आणि मग तिघंही घरभर येरझारा घालू लागली. कोणी कोणाकडे बघेना. फोन वाजताच भैरवीनं त्यावर झडप घातली.

"ताई, भलतीच पंचाईत झाली," गोपाळराव म्हणाले. "तुमाले खेळण्यातला बैल सांगतला होता, तुमी तर नंदी पाठवला! आई त्याच्यावर पाय ठेवायले तयार नाही. बेल वाहून राहिली. पाव्हने रांगेनं पाया पडून राहिले. आता त्याले देवघरात नेला."

"मग... परत पाठवता?"

"देव कोणी परत पाठवते का? आईच्या पायाले दुसरा करून द्या."

भैरवीचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत तिनं उत्साहानं विचारलं, "चित्र कोणतं काढू? मोर? कमळ?"

"चित्र नको, ताई," गोपाळराव कळवळून म्हणाले. "साधे पट्टे द्या."