आत्याबाईंचं बारावं पान

छपाईतला दाब म्हणजे काय, ते मला विचारा! शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, शाई फासली, कागद टेकवला की झाली छपाई, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या घरी यावं. आमचं हातयंत्र जेवणाच्या टेबलावर आहे. जेवतो आम्ही ओट्याशी उभ्याने. चमच्यांच्या खणात खिळे आहेत, आणि चमचे कुठे आहेत ते बायकोलाच ठाऊक.

आम्ही दोघंही साहित्यिक. ती कादंबऱ्या लिहिते, मी कविता. तिच्या कादंबऱ्या लोक वाचतात. माझ्या कविता ती वाचते, तेही मी समोर ठाण मांडून बसलो तर.

यंदा आम्ही हिच्या आत्याबाईंचं पुस्तक छापायला घेतलं. आत्याबाई निवृत्त नर्स, वय अठ्ठ्याहत्तर. यजमान गेल्यावर त्यांनी बारा छोट्या कविता लिहिल्या. बारा सुटे कागद, एकुलती एक प्रत. बारावी खास यजमानांवर.

"ते पान छापताना यंत्राचा दांडा मी ओढणार," त्यांनी बजावलं होतं.

"अहो, कागदांचे फोटो काढून ठेवा," ही रोज म्हणायची.

"काढू की! आपल्या घरातून कागद जातोय कुठे?"

अकरावं पान छापलं त्या सकाळी डावा कोपरा फिका उठत होता. हाताशी आला तो कागद घडी करून मी यंत्रातल्या कागद दाबणाऱ्या पाटीच्या मागे टेकू म्हणून सरकवला. जाडी नेमकी बसली! छापा असा झकास उठला, की बायकोसुद्धा "वा!" म्हणाली. वर्षातून एकदा म्हणते.

आणि मग बारावं पान जुळवायला घेतो तर काय, कागद नाही!

आत्याबाई त्याच दिवशी चार वाजता येणार होत्या. मी गाद्या उलट्या केल्या, रद्दी उपसली, फ्रीजसुद्धा उघडून पाहिला.

"फ्रीजमध्ये कविता?" बायको ओरडली. "अहो, त्यांचा जीव आहे हो त्या पानात! काय सांगायचं त्यांना?"

तिचे डोळे भरून आले. ते मला बघवेना, आणि मी आयुष्यातलं सर्वांत मोठं खोटं बोललो. "सापडलं! कपाटामागे होतं! तू चहाचं बघ, मी जुळवतो."

ती हुश्श करून आत गेली. मी मनात म्हटलं, तीस वर्षं कविता करतोय, एका विधवा बाईचं दुःख मला मांडता येऊ नये? दीड तासात कविता तयार, जुळवूनही तयार!

बरोबर चारला आत्याबाई आल्या. बाही सावरली, दांडा दोन्ही हातांनी ओढला. मी कागद सोडवून त्यांच्या हाती दिला. त्यांनी मोठ्याने वाचलं.

"हे गगनविहारी प्राणपाखरा, अनंताच्या अंगणी तू, विरहाग्नीत मी..."

पुढे वाचेनात. खाली बसल्या. पाणी मागितलं.

"पोरी, हे मी लिहिलं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मला काहीच आठवत नाही गं," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "माझं डोकं गेलं वाटतं. डॉक्टरला दाखवावं लागेल."

आता मात्र मला राहवेना. "आत्या, मला माफ करा. ते मी लिहिलंय. तुमचा कागद माझ्याकडून हरवला."

बायकोच्या हातातली कपबशी खणकन वाजली. पण आत्याबाईंनी छातीवर हात ठेवून एवढा मोठा श्वास सोडला!

"म्हणजे हे माझं नाही? बरं झालं गं बाई! पाखरू काय, अग्नी काय! माझी पाचावर धारण बसली होती." मग कधीपासून दुखतंय असं पेशंटला विचारावं, तशा सुरात त्या माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, घाबरू नका. सकाळपासून कोणकोणत्या कागदाला हात लावलात, क्रमाने सांगा."

"आधी अकरावं पान घेतलं. कोपरा फिका होता. म्हणून मागे टेकूला एक कागद..."

मी थांबलो. बायको थांबली नाही. तिने पाटी उघडून मागची घडी ओढून काढली आणि मटकन खुर्चीत बसली. आत्याबाईंचंच अक्षर! अकराव्या पानाच्या खिळ्यांचे ठसे त्यावर उमटलेले, पण शब्द न् शब्द शाबूत. टेकूला कागद घेताना मी फक्त जाडी पाहिली होती!

आत्याबाईंनी चष्मा लावून ते वाचलं.

"तुमचा चष्मा रोज पुसते.
घालणारं कोणी नाही,
म्हणून तो घाण होत नाही.
तरी पुसते."

मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. मग टेकूला कोरा कागद घालून तिघांनी मिळून चार ओळी जुळवल्या, पाच मिनिटांत. आत्याबाईंनी दांडा पुन्हा ओढला, आणि पान कोपऱ्यापर्यंत स्वच्छ उठलं.

निघताना त्यांनी माझ्या कवितेचा कागद उचलून पर्समध्ये घातला.

"राहू दे हो तो, आत्या!" मी लाजून म्हणालो.

"राहू दे कसा? पुढे कधी डोकं गेल्याची शंका आली, तर हे वाचून बघीन. हसू आलं म्हणजे डोकं ठिकाणावर आहे!"

बायको हसून हसून दाराला टेकली. हसू द्या. माझी कविता कोणी आपणहून घरी नेली, अशी ही पहिलीच वेळ!